अठरावा अर्ज

आमच्या कॉलेजात अर्ज आणि अहवाल लिहायला शिकवणाऱ्या सरांना न्यायला यमदूत येतील, तेव्हा सर आधी लेखी आदेश मागतील आणि त्यावरचा जावक क्रमांक तपासल्याशिवाय जागचे हलणार नाहीत. बालाघाटच्या एका कचेरीत तीस वर्षं बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून काढल्यावर ते आम्हांला शिकवायला आले, पण कचेरी त्यांच्याबरोबरच आली. उजव्या हाताची बोटं कार्बनने कायम निळी. विचार करताना नाक चोळायची सवय, त्यामुळे दुपारपर्यंत नाकही निळं. कोटाच्या कॉलरला टाचण्यांची रांग, आणि छत्री बांधलेली फायलीच्या लाल फितीने. लग्नाच्या आहेरासोबत शुभेच्छापत्र देत, त्याचीसुद्धा प्रत ठेवत.

वर्गात तोंडी विनंतीला किंमत नव्हती. वारासिवनीच्या गिरणीवाल्यांचा मुलगा एकदा उठून म्हणाला, "सर, पाणी प्यायले जाऊ?"

"विषय?"

"पाणी."

"कारण?"

"तहान लागली, सर."

"मागचा संदर्भ?"

"सकाळी पेलो होतो ना, सर!"

"मंग तसं लिहून आण." त्याने लिहून आणेपर्यंत तास संपला.

घरीही तेच. मी वही द्यायला गेले होते तेव्हा आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "चायपत्ती आणा म्हणून काल तोंडी सांगतलं, आज स्मरणपत्र देऊन राह्यली. उद्या मी माहेरी जाईन, त्याची प्रत आताच घेऊन ठेवा!" सर शांतपणे म्हणाले, "हौ, नोंद घेतली." चायपत्ती मात्र मी निघेपर्यंत आलेली नव्हती.

मी जबलपूरच्या इंग्रजी शाळेतून आलेली. हिंदी बेताची, मराठी घरापुरती, आणि चारचौघांत तोंड उघडायची तर भीतीच. शेवटच्या बाकावर बसून मी नुसती बघत असे. म्हणूनच असेल, सरांची एक गोष्ट माझ्या लवकर लक्षात आली. सोमवारी त्यांच्या चपला धुळीने लाल असत.

सरांचं गाव किरनापूरच्या रस्त्यावर, एका फाट्यापासून जवळच; दर रविवारी ते तिथे आईकडे जात आणि सोमवारी सकाळी परत येत. पण बस फाट्यावर थांबत नसे. दोन मैल पुढे उतरून मागे चालत यावं लागे. सरांचं एक वेळ ठीक होतं, पण त्यांची म्हातारी आई गाव सोडायला तयार नव्हती, आणि डोळ्यांच्या औषधासाठी तिला दर महिन्याला बालाघाटला यावं लागे. दोन मैल जायचे, दोन मैल यायचे, तेही अर्धवट दिसणाऱ्या डोळ्यांनी. बस फाट्यावर थांबावी म्हणून सरांनी सतरा अर्ज केले होते. प्रत्येक नव्या अर्जात आधीच्या सगळ्या अर्जांचे संदर्भ, त्यांच्या उत्तरांचे संदर्भ आणि परिशिष्टं. सतराव्यात 'बस थांबवावी' हे वाक्य सातव्या पानावर होतं. तिथवर कोणता साहेब पोचणार?

अठरावा अर्ज त्यांनी आम्हांला सरावासाठी हिंदीत लिहायला दिला. सगळ्यांनी पानंच्या पानं भरली. मी सहा ओळी लिहिल्या, कारण माझी हिंदी तेवढ्यातच संपली. म्हातारी आहे, डोळे गेलेत, दोन मैल चालते, बस एक मिनिट थांबवा. वर एकदा सविनय, खाली नमस्कार.

"काहून वं माय, हा अर्ज हाय का पोस्टकार्ड?" वर्ग हसला. "संदर्भ नाही, परिशिष्ट नाही, सविनयसुद्धा एकदाच!" त्यांनी दहापैकी तीन दिले. मी मान खाली घातली. सर कागद परत देणार तेवढ्यात थांबले. पुन्हा वाचला. नाक चोळलं. मग घडी करून कागद खिशात टाकला आणि फळ्याकडे वळले.

दोन महिन्यांनी बस फाट्यावर थांबू लागली. सरांनी वर्गात एवढंच सांगितलं, "अठराव्यावर कार्यवाही झाली." कोणाच्या अठराव्यावर, ते नाही. त्या आठवड्यात मात्र माझ्या वहीत टाचणीने लावलेलं एक ज्ञापन मिळालं. पूर्वीच्या निर्णयाच्या संदर्भात, पुनर्विचारान्ती, तीनाऐवजी आठ गुण. दोन परिशिष्टांसह.

पुढे वर्षभर सरांच्या चपला सोमवारी स्वच्छ असत. महिन्यातून एकदा त्यांची आई कॉलेजच्या फाटकाशी रिक्षात बसलेली दिसे, आणि सर तिला रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांची नावं सांगत असत.

मग एका सोमवारी वर्गाचं दार बंद. दारावर टाचणीने लावलेला कागद. वर विषय नाही, संदर्भ नाही. 'आई गेली. आज तास होणार नाही.' गिरणीवाल्यांच्या मुलाने सवयीने कागद उचलून मागे प्रत आहे का पाहिलं. नव्हती. त्याने कागद पुन्हा नीट लावला आणि आम्ही पाय न वाजवता निघालो.

आता मीही एका कचेरीत पत्रं लिहिते. कामानिमित्त किरनापूरला जाते तेव्हा बस त्या फाट्यावर थांबते. बरेचदा कोणी उतरत नाही, कोणी चढत नाही. तरी ड्रायव्हर मिनिटभर थांबतो. एकदा मी शेजारच्या बाईला विचारलं, इथे कशाला थांबवतात? "काय माहीत, बाई," ती म्हणाली, "वरून आर्डर हाय म्हणतात."