उतारावरचा स्विच

"चालू करा! मास्तर, स्विच चालू करा!" मी घाटी उतरत धावत होतो आणि ओरडत होतो. माझ्या पुढे धावणारा बाळा मागे वळून माझ्यावरच खेकसला, "गप रव रे मेल्या! दादा, बंद कर! आधी बंद कर!"

खाली मास्तरांची गाडी सुटली होती. माणसाच्या चालीने चालावी अशा हिशेबाने बांधलेली ती गाडी सायकललाही मागे टाकील अशी निघाली होती. रस्ता जांभ्या दगडाचा, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगड रचून केलेल्या भिंती. उताराच्या पायथ्याशी शाळेकडे जाणारं वळण. ते चुकलं तर सरळ समोर तरीचा धक्का, त्यावर होडीची वाट बघत उभी असलेली माणसं आणि पलीकडे खाडी. मास्तरांचे दोन्ही पाय लहानपणी तापात गेलेले. उडी मारून सुटणं त्यांच्या हातात नव्हतं.

ती गाडी विजेवर मी केली होती.

कट्टा गावात माझं बॅटरी चार्जिंगचं आणि डायनॅमो दुरुस्तीचं दुकान आहे. डायनॅमो म्हणजे लॉरीच्या इंजिनाबरोबर फिरून बॅटरीत वीज भरणारं यंत्र. गावात वीज आली, तसा मी चार्जर घेतला आणि लॉरीवाले माझ्याकडे येऊ लागले.

सदानंद मास्तर खाडीकाठच्या शाळेत गणित शिकवत. घर वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, शाळा खाली. त्यांच्या धाकट्या भावाने, बाळाने, त्यांच्यासाठी एक बुटकी चारचाकी बांधली होती. लाकडी सांगाडा, हाताने वळवायचं सुकाणू, सीटमागे पाण्याच्या पंपाचं छोटं पेट्रोल इंजिन आणि तिथून मागच्या चाकांना चेन. इंजिन सरहद्दीवरच्या आरोंद्याच्या बाजूने गोव्याहून आलेलं. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते आणि परदेशी माल मिळत असे. कसं आलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पुढे गोवा मुक्त झाला, तो माल येणं थांबलं आणि नेमका त्यानंतर पिस्टन फुटला. त्या मापाचा पिस्टन कुठे मिळेना. बाळाने एक लेथवर करून घेतला, तो चार दिवसांत जाम झाला.

मग बाळा मास्तरांना बैलगाडीने पोचवू लागला. भातकापणी आली तशी तेही जमेना. मास्तरांना रोज उशीर. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले आणि म्हणाले, "गुरुजी, वेळेवर येणं होत नसेल तर डॉक्टरचा दाखला जोडा आणि घरी बसा. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी पुन्हा येणार आहे." मास्तरांच्या घरात पगार तेवढा एकच. त्याहीपेक्षा, शिकवणं सुटलं तर हा माणूस सड्यावर बसून करणार काय, हा प्रश्न होता.

दोघे भाऊ गाडी घेऊन माझ्याकडे आले.

"वसंता," मास्तर म्हणाले, "ह्या इंजिन काढ आणि तुझी वीज बसव. जमतला?"

"बॅटरीर गाडी?" बाळा म्हणाला. "बॅटरीर हॉर्न वाजता, दादा."

मी लगेच होकार दिला नाही. डायनॅमो फिरवला की वीज देतो. उलट त्याला वीज दिली की तो स्वतः फिरतो आणि मोटर होतो, एवढं मला ठाऊक होतं. पण घाटी चढेल का? काजूवाल्याच्या काट्यावर मी गाडी तोलली, मग मास्तरांना तोललं. चढ दोरी लावून मोजला. चेनचं मागचं चक्र किती मोठं हवं त्याचा हिशेब मांडला. मास्तरांनी तो तपासला आणि त्यात माझी भागाकाराची चूक काढली. "तुका कोणी पास केल्यान रे?" असं विचारलं. चूक सुधारल्यावर उत्तर आलं ते असं: गाडी चढेल, पण सावकाश, माणसाच्या चालीने. शाळेजवळच्या भातगिरणीत वीज होती. तिथे दिवसा बॅटरी चार्ज करायची व्यवस्था झाली.

लॉरीचा जुना डायनॅमो नीट करून मी बसवला. सुकाणूपाशी एक अ‍ॅमीटर लावला. वीज बॅटरीतून बाहेर चालली की त्याचा काटा उजवीकडे जातो, बॅटरीत येऊ लागली की डावीकडे. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उचलून मी स्विच चालू केला. चाकं फिरली, काटा उजवीकडे गेला. मग चाक हाताने जोरात पुढे ढकललं. काटा डावीकडे सरकला.

"ह्या काय?" मास्तरांनी विचारलं.

"उतारावर असंच होईल. चाकं डायनॅमोला ओढायला लागली की तो उलट बॅटरी भरायला लागतो. त्याचा चाकांवर भार पडतो आणि गाडी आवरली जाते."

"म्हणजे चढार घेतलेला उतारार परत करता. बरो धंदो."

"थोडंच परत करतो. पण एक लक्षात ठेवा. उतारावर स्विच बंद करायचा नाही. चालूच ठेवायचा."

बाळाला हे पटलं नाही. "इंजिन बंद केल्यार गाडी जाग्यार रवता. ह्याचा सगळा उलटाच."

मी त्याला समजावलं. पेट्रोलचं इंजिन बंद केलं आणि चेन तशीच राहिली, तर चाकांना पिस्टन रेटावा लागतो. पिस्टन आतली हवा दाबतो, त्यात जोर जातो आणि गाडी धरली जाते. डायनॅमोत हवा दाबणारं काही नाही. तो बंद केला की बेअरिंगवर मोकळा फिरणारा लोखंडाचा गोळा आहे. मास्तरांनी हे सगळं मला परत म्हणून दाखवलं, वर्गात म्हणतात तसं. काही चुकलं नाही. माझी खात्री पटली.

मास्तर नव्या गाडीने पहिल्यांदा शाळेला निघाले त्या सकाळी सड्यावर गाडी सुरेख चालली; बाळा आणि मी मागून चालत होतो. आवाज नाही, धूर नाही. बाळासुद्धा हसत होता. मास्तर घाटीच्या तोंडाशी पोचले, आणि मी पाहिलं, त्यांचा उजवा हात सरळ स्विचकडे गेला आणि त्यांनी तो बंद केला.

मला वाटलं, माझी नजर चुकली. ज्या माणसाने नियम कारणासकट म्हणून दाखवला, तोच माणूस असं करील? पण पेट्रोलच्या गाडीत ते वर्षानुवर्षं तेच करत आले होते. उतारावर गाडी फुकट जाते, पेट्रोल कशाला जाळायचं, म्हणून घाटीच्या तोंडाशी इंजिन बंद. डोकं माझ्याशी बोललं होतं. हाताशी कोणीच बोललं नव्हतं.

गाडी सुटली. मास्तरांनी हातब्रेक ओढला. तो चाकावर घासणारा चामड्याचा तुकडा, थांबलेली गाडी धरून ठेवण्यापुरता. त्यातून धूर निघाला. बाळाला वाटलं मोटर पिसाळली, म्हणून तो "बंद कर" ओरडत होता. मी धावता धावता "चालू करा" ओरडत होतो. सुटलेल्या गाडीतल्या माणसाला मोटर चालू करायला सांगणारा मी, धक्क्यावरच्या लोकांना काय वाटलं असेल! एका बाईने हातातली टोपली खाली टाकली आणि ती बाजूला पळाली.

मास्तरांचा हात स्विचवर गेला.

चेन किंचाळली. डायनॅमोतून निळ्या ठिणग्या उडाल्या. मास्तर पुढे सुकाणूवर आदळले. आणि गाडी, कोणी मागून दोरीने ओढावी तशी, मंदावली. वळण त्यांना घेता आलं. शाळेच्या गडग्याला लागून ती थांबली.

आम्ही पोचलो तेव्हा मास्तरांच्या कपाळातून रक्त येत होतं आणि ते अ‍ॅमीटरकडे बघत होते. काटा डाव्या टोकाला आपटून वाकला होता. बाळा रस्त्यातच खाली बसला आणि मला म्हणाला, "माझ्या भावाक मारूक निघालेलंस तू."

मास्तरांनी उपरण्याने कपाळ दाबलं. "शाळेची घंटा झाली काय रे?"

"नाय अजून," बाळा म्हणाला.

"मगे वेळेर इलंय."

थोड्या वेळाने मी विचारलं, "मास्तर, तुम्ही माझं कसं ऐकलंत? माझं बोलणं वेड्यासारखं वाटलं असेल."

"वाटला तर. पण दोघे दोन सांगत होतात. बाळा म्हणी बंद कर, आणि ती बंदच होती. म्हणजे त्याचो उपाय करून झालेलो. उरलो तुझो."

मी गाडी परत दुकानात आणली. ह्या वेळी मास्तरांना एकही नियम सांगितला नाही. विजेच्या शेगडीच्या जाड तारेचे आखूड तुकडे शेजारी शेजारी जोडून सीटखाली बसवले आणि स्विच बदलला. आता बंद केला की बॅटरी डायनॅमोला फिरवणं सोडते आणि डायनॅमोची वीज त्या तारांत जाते. तारा तापतात, सगळा जोर त्यांत खर्च होतो आणि गाडी आवरते. म्हणजे पेट्रोलच्या गाडीसारखंच. घाटीच्या तोंडाशी बंद करा, गाडी सावकाश उतरेल. बाळाने सुकाणू धरून शेजारी चालत ती आधी मोकळी, मग दगड भरून, अशी घाटीवरून पुन्हा पुन्हा उतरवली आणि मगच भावाला वर बसू दिलं.

दिवाळीनंतर साहेब आले तेव्हा मास्तर फळ्यापाशी होते. दाखल्याचा विषय पुन्हा निघाला नाही. मास्तर अजून त्याच गाडीने शाळेत जातात आणि घाटीच्या तोंडाशी अजून स्विच बंद करतात. पावसाळ्यात भेटले की म्हणतात, "वसंता, उतारार सीट बरी गरम लागता."

माझ्याकडे त्यानंतरही इंजिन काढून मोटर बसवून घ्यायला गिरणीवाले, पंपवाले आले. मी त्यांना आधी जुनं यंत्र माझ्यासमोर चालवायला लावतो. त्यांना वाटतं मी इंजिन तपासतोय. मी त्यांचे हात बघत असतो.