मशीन लावलेला दिवस
स्पिरिटचा वास आला की मला आईच्या छातीवर चिकटवलेल्या वायरी आठवतात. तिची छाती अधूनमधून एकदम धडधडायची, डोळ्यांपुढं अंधारी यायची. पण आमच्या गावाहून, शेंद्र्याहून, रिक्षानं शहरात औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत व्हायचं आणि ईसीजी नॉर्मल यायचा. शेवटी डॉक्टरांनी दिवसभराचे ठोके टिपणारं छोटं मशीन तिच्या कमरेला बांधलं. त्या दिवशी आम्ही तिला कशालाच हात लावू दिला नाही. तीही धुवट लुगडं नेसून पाहुणीसारखी खाटेवर बसून राहिली. "मशीनला धक्का लागंल ना," म्हणाली. रिपोर्टात काहीच सापडलं नाही. डॉक्टर वैतागले, "अहो, त्या रोज करतात तेच करू द्या!" म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही नुसतं बघत बसलो. तिनं शेण काढलं, धुणं धुतलं, पाणी भरायला लागली आणि तिसऱ्या घागरीला भिंत धरून खाली बसली. हृदयाच्या खालच्या कप्प्यातून सुटलेले ते जीवघेण्या वेगाचे ठोके मशीननं तेवढ्यात पकडले. मग तिच्या खांद्याखाली, कातडीच्या आत, असे ठोके सुटले की झटका देऊन ते ताळ्यावर आणणारं यंत्र बसवलं. आज तसलंच ठोके टिपणारं मशीन माझ्या कमरेला आहे. सून म्हणाली, "आई, आज तरी बसा." बसायला मलाही लई आवडलं असतं, पण मी उठले आणि बादली उचलली.