दाराबाहेर ठेवलेलं नालंदा

इतिहासाचा इतका धसका घेतलेला माणूस अख्ख्या जपानात दुसरा सापडायचा नाही. माझ्या शेजारणीचे वडील सांगलीचे निवृत्त इतिहासशिक्षक. बायको गेल्यावर लेकीकडे इथे, आमच्या ओजिमाला राहायला आले, ते स्वतःच्या वह्यांचे तीन गठ्ठे मांडीवर घेऊनच: वलभी, विक्रमशिला आणि नालंदा. तीस वर्षं हाताने लिहिलेलं. जुन्या बौद्ध विद्यापीठांबद्दल ते कालच्या बातमीसारखं बोलायचे. लिफ्टमध्ये मी नुसतं "काय काका, बरं आहे ना?" म्हणायचा अवकाश. "बरं कसलं! ग्रंथालय धडधडा पेटलंय आणि एकानेही चार पोथ्या काखोटीला मारू नयेत?" मी घाबरून विचारलं, "कधी?" तर म्हणे, बाराव्या शतकाच्या अखेरीस!

घरात गॅस पेटला की काकांचा जीव टांगणीला. लेकीने फोडणीची कढई ठेवली रे ठेवली की तिन्ही गठ्ठे उचलून दाराबाहेर. मोहरी तडतडून थंड झाली की परत आत. "बाबा, आमटी आहे ती, आक्रमण नाही," लेक वैतागायची. "नालंदावाल्यांनाही आधी तसंच वाटलं असेल," काका म्हणायचे. ही फोडणीची भानगड मला फार उशिरा कळली, देवाशपथ. गठ्ठ्यांबद्दल नुसतं ऐकलं होतं, पाहिले कधीच नव्हते.

आणि कचऱ्याच्या बाबतीत मी म्हणजे अतिशहाणी. आमच्याकडे गुरुवार रद्दीचा. कागद सुतळीने उभा-आडवा बांधून सकाळी आठच्या आत खाली ठेवायचा. त्या गुरुवारी शेजारच्या दाराबाहेर तीन गठ्ठे दिसले, अगदी नियमात बांधलेले. म्हटलं, बिचारी कामावर जायच्या गडबडीत विसरली. माझ्या रद्दीबरोबर तेही खाली नेऊन ठेवले आणि स्वतःवरच खूश होऊन चहा टाकला.

बेल वाजली. दारात काका, अनवाणी. "अगं, माझे गठ्ठे पाहिलेस का? सुतळीने बांधलेले?"

"रद्दीत गेले!" एवढं ओरडून मी पळाले. लिफ्टची वाट बघायला धीर नव्हता, सहा मजले जिन्याने उतरले. वरून काकांचा आवाज येत होता, "मी येतोय, तू पळ!" खाली कोपरा झाडून लख्ख. रद्दीची गाडी पुढच्या चौकाकडे निघालेली. मी भर रस्त्यात "चोत्तो मात्ते कुदासाई!", जरा थांबा हो, असं बोंबलत धावले, आणि या देशात इतक्या मोठ्याने कुणी ओरडत नाही म्हणूनच बहुधा गाडी थांबली. मी हातवारे करत होते, रडत होते. गाडीवाल्याने कागद दाबायचं यंत्र बंद केलं, आत वाकून एक गठ्ठा ओढून काढला. मग दुसरा. तिसऱ्यासाठी त्याने खांद्यापर्यंत हात घातला. बराच वेळ चाचपत राहिला. मग हात बाहेर काढून त्याने टोपी उतरवली आणि कमरेत वाकला.

काका धापा टाकत पोचले. सुतळीखाली दुमडून खोचलेल्या चिठ्ठ्या उलगडून वाचल्या. वलभी. विक्रमशिला.

"म्हणजे नालंदा गेलं," एवढंच म्हणाले आणि फुटपाथच्या कडेला बसले.

"काका, मला चार शिव्या घाला हो. मीच नेऊन ठेवले."

ते उरलेल्या दोन गठ्ठ्यांची सुतळी घट्ट करत बसले. शिव्या परवडल्या असत्या. मग म्हणाले, "नालंदाचं शेवटचं प्रकरण ऐकतेस? सगळं जळून गेल्यावर, पुष्कळ वर्षांनी, तिबेटातून एक विद्यार्थी तिथे शिकायला आला. बघतो तर पडक्या भिंती, आणि नव्वदीचा एक आचार्य सत्तरेक पोरांना शिकवतोय. तेवढ्यात पुन्हा सैनिक आल्याची हाकाटी झाली. सगळे पळाले. या पोराने म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं आणि लपवलं."

"मग?"

"मग काय, धोका टळल्यावर दोघं परत आले. अभ्यास राहिला होता ना."

आता रोज दुपारी चारला मी कोरी वही घेऊन त्यांच्याकडे जाते. ते सांगतात, मी लिहिते. चुकलं की पूर्वीच्या मास्तरांसारखे खेकसतात, आणि मला ते आवडतं. एखादं नाव आठवलं नाही की डोळे मिटून थांबतात. मी तेवढी जागा कोरी सोडते. हल्ली अशा जागा फार वाढल्यात. त्यांनाही ते कळतं. काल वही हातात घेऊन त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "सोडत जा जागा, पोरी. कुणीतरी भरेल."

मी हो म्हणाले. मान मात्र वर केली नाही.