फळीवरचं जंगल

बाबा वनखात्यातून निवृत्त झाले. पूर्वी जंगलातून ओंडके वाहणारी छोटी रेल्वे असायची, तिच्याबद्दल ते नेहमी बोलत. म्हणून मी जेवणाच्या टेबलावर एक फळी टाकून तिची प्रतिकृती मांडली. तुळशीच्या वाळक्या काड्यांचा साग उभा केला आणि डब्यांत काड्यांचेच ओंडके रचले.

बाबांनी वाकून सगळं पाहिलं. मग म्हणाले, "गाडी भरलेली आणि जंगलही अख्खं, असं होत नसतं. खुंट कुठायत?"

त्यांनी कातर मागितली आणि एकेक झाड बुडाशी कापू लागले. कापण्याआधी प्रत्येकाला बोट टेकवत. नोकरीत तोडायच्या झाडावर हातोड्याने शिक्का मारत, तसंच. माझं लक्ष फळीखालच्या टेबलाकडे गेलं. तेही सागाचंच होतं. इतकी वर्षं त्यावर जेवलो, पण त्याचा खुंट कुठल्या उन्हात उभा असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

शेवटी एकच झाड उरलं. बाबांनी त्यालाही बोट लावलं, पण कातर खाली ठेवली. मग डब्यातला वरचा एक ओंडका उचलून माझ्या हातात दिला.

"एवढा कमी जाऊ दे," ते म्हणाले.