ठकूचा नको

विशेष मुलांच्या शाळेतल्या ताईंना एकच नाद होता: कुणाला काय आवडतं ते हुडकून काढायचा. काम झाल्याझाल्या आवडीची गोष्ट मिळाली, की मूल पुन्हा कामाला हात घालतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ठकूपुढे त्यांची डाळ शिजेना.

ठकू तेरा वर्षांची. बोलणं दोन-चार शब्दांचं, आणि शर्टाची बटणं लावायची म्हटलं की हाताची घडी. ताईंनी टेबलावर दोन-दोन गोष्टी मांडून पाहिल्या. बिस्किट आणि फुगा, भिंगरी आणि खुळखुळा. जिकडे तिचा हात जाईल, ते तिचं बक्षीस. हात कशाकडेच गेला नाही. भिंगरी शेवटी ताईच फिरवत बसल्या.

एका सकाळी मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, दाराशी आल्या. सवयीने टकटक करून म्हणाल्या, "आत येऊ का?"

"नको," ठकू म्हणाली.

मोठ्या बाई चपापल्या, मागे सरल्या आणि गुपचूप दार लावून घेतलं. ठकू इतकी हसली की तिला उचकी लागली. मग दाराकडे बघत तिने आपणहून एक बटण लावलं आणि वाट बघत राहिली.

ताईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ऊठ, बस, चल, हेच पोरगी जन्मभर ऐकत आलेली. तिच्या शब्दाखातर कुणी मागे हटलंच नव्हतं. ताई पळतच बाहेर गेल्या आणि त्यांनी दार वाजवलं.

"नको!"

मग काय, शाळेत उत्साहाला ऊतच आला. व्यायामाचे सर, बसवाले काका, स्वयंपाकघरातल्या मावशी, सगळे दाराबाहेर रांगेत. आत एक बटण लागायचं, बाहेर एकाची हकालपट्टी व्हायची. मोठ्या बाई तर कामं टाकून यायच्या आणि नकार घेऊन खुशीत परतायच्या.

ताईंनी ठकूच्या आईलाही कानमंत्र दिला. त्या संध्याकाळी बाबा भाजीची पिशवी घेऊन जिन्यात ताटकळले. शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलं, भांडण झालं का?

"छे हो," ते हसू दाबत म्हणाले, "पोरगी बटणं लावतेय."

पुढे ठकूला त्याचाही कंटाळा आला. पण तोवर शर्ट अंगवळणी पडला होता. आता बुटांच्या नाड्या बाकी होत्या. त्यासाठी काय करावं, यावर शिक्षकांच्या खोलीत खल सुरू झाला, आणि सगळ्यांत खुळचट सूचना मोठ्या बाईंच्याच होत्या.