गेटवर जमा केलेला फोन

शेजारची वैशाली कारखान्यात मोबाइल जोडते. तिचा स्वतःचा मोबाइल मात्र दिवसभर गेटवर जमा असतो. काल तिची लेक शाळेत तापाने फणफणली. वैशालीचा फोन लागेना, म्हणून बाईंनी मला बोलावलं. मी कारखान्याच्या गेटवर फोन केला, तर म्हणाले, "शिफ्ट सुटल्यावर सांगू."

संध्याकाळी वैशाली लेकीला न्यायला माझ्या घरी धावत आली, आणि लेकीच्या कपाळाला हात लावण्याआधी तिने खिडकीच्या गजाला हात लावला.

"हे काय गं?"

ती ओशाळली. "सवय हो, ताई. कारखान्यात लोखंडाला शिवून अंगातली वीज उतरवल्याशिवाय पार्टला हात लावू देत नाहीत. जळतो म्हणे."

माझं डोकंच फिरलं. एवढ्याशा पार्टला इतकं जपायचं, आणि पोर तापलीय हे आईला कळायला, फोनच्याच कारखान्यात, शिफ्ट सुटायची वाट बघायची!