नानांनी दिलेली वाट

आमच्या नानांनी गाडी जेवढी पुढे चालवली, त्याहून जास्त मागे चालवली असेल. थट्टा नाही करत. वसईच्या पश्चिमेला आमचं गाव. दोन्ही बाजूंना केळीच्या आणि चाफ्याच्या वाड्या, मधून जाणारी आळी बैलगाडीच्या मापाची, आणि ऐन वळणावर बावखल, म्हणजे वाड्यांना पाणी पुरवणारं जुनं तळं. समोरासमोर दोन गाड्या आल्या की ज्याच्या पाठीशी कुणाचं अंगण जवळ, त्याने मागे घ्यायचं, त्या अंगणात शिरायचं आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं, असा इथला रिवाज. रिवाज सगळ्यांना पाठ आहे. पाळायची वेळ आली की मात्र प्रत्येकाला दुसऱ्याच्याच मागचं अंगण जवळ दिसतं. नानांना कायम स्वतःच्या मागचं दिसायचं.

नाना माझ्या बाबांचे चुलतभाऊ. त्यांची आणि आमची वाडी कुंपणाला कुंपण लागून. गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात ते फोरमन होते. निवृत्त झाल्यावर केळी, चाफा आणि ती पांढरी गाडी एवढाच ह्यांचा संसार, असं काकू म्हणायच्या, आणि त्यात आपलं नाव नाही म्हणून वर आपणच रुसायच्या. मागे जाताना नाना खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढायचे. त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक अंगणाशी त्यांचं बोलणं व्हायचं. ‘काय रे, पोराचा ताप उतरला का?’ ‘वहिनी, मोगरा बहरलाय की यंदा!’ समोरची गाडी केव्हाच निघून गेलेली असायची, नाना तिथेच. ‘पुढे जाणाऱ्याला रस्ता दिसतो,’ ते म्हणायचे, ‘मागे जाणाऱ्याला गाव दिसतं.’

मी तापट. बाबांवर गेलेय असं सगळे म्हणतात. गाडी शिकले ती मात्र नानांकडे, म्हणजे विस्तवाला बर्फाची शिकवणी. माझा अंगठा हॉर्नवर गेला की ते शेजारून हळूच म्हणायचे, ‘कडी वाजवलीस ना एकदा? मग दार उघडेपर्यंत थांब. आतल्या माणसाला उठून यायला वेळ लागतो.’ एकदा उलट्या बाजूने एक रिक्षावाला अंगावर आला आणि मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. नाना शांतपणे म्हणाले, ‘जाऊ दे गं. बायकोला कळा लागल्या असतील त्याच्या.’

‘रोज? आणि सगळ्याच रिक्षावाल्यांच्या बायकांना?’

‘मग? वसईची वस्ती बघ ना कशी वाढतेय!’

हसता हसता माझा पाय क्लचवरून सुटला आणि गाडी भर रस्त्यात बंद पडली. मागच्यांनी हॉर्नचा गदारोळ केला. नानांनी खाली उतरून त्या सगळ्यांची माफी मागितली.

विरार फाट्याजवळ कोणीतरी त्यांच्या गाडीला घासून पळालं, तेव्हा त्यांच्या मुलाने, मिलिंदने, काचेला कॅमेरा बसवून दिला. समोरचा रस्ता टिपायचा आणि गाडीतला आवाजही. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेव्हा अशा क्लिपांना ऊत आला होता. कोण उलटा घुसला, कोणी सिग्नल तोडला, सगळं नंबर प्लेटसकट, आणि खाली ‘अशांना फटकेच हवेत.’ नानांनी काय करावं? ते चांगल्यांच्या क्लिपा टाकायला लागले. ‘आज अर्नाळ्याच्या रस्त्यावर या निळ्या टेम्पोवाल्या दादांनी मला वाट दिली. कोणी ओळखत असल्यास माझे धन्यवाद सांगावेत.’ क्लिप बघावी तर एक टेम्पो नुसता उभा! लोक हसायचे. पण काही आठवड्यांनी एकाने लाजत लाजत लिहिलंच, ‘नाना, परवा मीपण थांबलो होतो तुमच्यासाठी. माझी नाही टाकलीत?’

आणि त्यांचा तो हात. नाना नुसते थांबायचे नाहीत, खिडकीतून उजवा हात काढून ‘या, या’ करायचे. शाळेच्या पोरांना, सायकलवाल्याला, रस्त्याच्या कडेला विचार करत उभ्या असलेल्या कोंबडीलासुद्धा. मागच्या गाड्या खोळंबायच्या आणि मला शेजारी बसून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

‘नाना, तुम्ही काय ट्रॅफिक हवालदार आहात?’

‘छे! हवालदार थांबवतो. मी जा म्हणतो.’

या हाताचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे मार्थाबाय. पाचूबंदरची मासळीवाली. आधी डोक्यावर टोपली घेऊन यायची, मग स्कूटर घेतली आणि मासळीचा टब पायांत ठेवून यायला लागली. मोठ्या रस्त्यापलीकडच्या गल्लीतून ती यायची, आणि रस्ता ओलांडून आमच्या आळीत शिरायची. त्याच वेळी नाना फुलं पोचवून परतत असायचे. ते थांबणार, हात करणार, ती त्यांच्या गाडीपुढून जाता जाता दात दाखवून म्हणणार, ‘देव तुझं भलं करो, नाना!’ वर्षानुवर्षं चाललेलं. घड्याळ नसलं तरी चालायचं आम्हाला.

त्या सकाळी नानांच्या मागे थोड्या अंतरावर मी माझ्या स्कूटरवर होते. नाना थांबले, हात बाहेर आला, मार्थाबाय निघाली. एवढ्यात माझ्या डाव्या बाजूने एक मोटारसायकल सुसाट पुढे गेली, नानांच्या गाडीच्याही डावीकडून घुसली, आणि गाडीच्या आडून बाहेर येणाऱ्या मार्थाबायवर जाऊन आदळली. रस्ताभर बोंबील आणि बर्फ. मार्थाबाय ओरडलीसुद्धा नाही. तिचा पाय मात्र भलत्याच दिशेला वळला होता.

गाव धावलं. तिला रिक्षात घालून इस्पितळात नेलं, आणि उरलेल्यांनी मोटारसायकलवाल्याला धरलं. फुलपाड्याचा माणूस, घरोघरी पार्सलं पोचवणारा. त्याची चावी काढून घेतली, कोणीतरी मुस्काटात मारली. तो एकच सांगत होता, ‘दिसल्याच नाहीत हो त्या. गाडी कशाला थांबली, तेच समजलं नाही मला.’ संध्याकाळपर्यंत ग्रुपवर तो दारू प्यायलेला झाला होता, शंभरच्या वेगात होता, त्याच्याकडे लायसनही नव्हतं. त्यातलं एकही खरं नव्हतं. ‘नानांकडे क्लिप आहे,’ लोक म्हणत होते, ‘आता आत जातो साला.’

क्लिप आम्ही नानांच्या ओटीवर बघितली. नाना, काकू, मिलिंद आणि मी. मोटारसायकल डावीकडून घुसताना स्वच्छ दिसत होती. पण त्याच्या आधी नानांचा आवाज होता, मोठा, प्रेमळ, नेहमीचा: ‘ये गं मार्थाबाय, ये! कोनी नाय!’

मग मिलिंद म्हणाला, ‘बाबा, आवाज काढून टाकता येतो. नुसतं चित्र देऊ पोलिसांना. चित्र तर खरंच आहे ना?’

नानांनी क्लिप पुन्हा लावली. डावीकडचा आरसा आपण बघितलाच नव्हता, हे त्यांनी तोंडाने सांगितलं नाही, पण आम्हाला कळलं. ‘चित्रात त्याची चूक आहे आणि आवाजात माझी,’ ते म्हणाले. ‘त्याची तेवढी द्यायची आणि माझी पुसायची?’

‘अहो, तुम्ही चांगलंच करायला गेला होता ना?’ काकू रडवेल्या झाल्या.

‘म्हणून तर तिने बघितलं नाही. मी खडूस असतो तर तिने बघितलं असतं.’

या माणसाकडे गावात दुसरं काय होतं, सांगा! ना पैसा, ना पंचायतीतली खुर्ची. ‘गाडी चालवावी तर नानांनी’ एवढं एकच नाव होतं. ते त्यांनी त्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने ग्रुपवर पणाला लावलं. क्लिप आवाजासकट टाकली आणि खाली लिहिलं, ‘वाईट गाडी चालवणाऱ्याची क्लिप टाकत आहे. दोघे आहेत. एकाला तुम्ही मारलंत, दुसरा मी.’ एक अंगठासुद्धा पडला नाही. माझा तर जीव तुटत होता, आणि रागही येत होता, कुणावर ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाना तीच क्लिप घेऊन चौकीत गेले. साहेबांनी बघून सांगितलं, ‘काका, हात दाखवणं हा काही गुन्हा नाही. डावीकडून घुसला तो चुकलाच.’ केस त्या माणसावर राहिली, पण गावाने लावलेली दारू आणि शंभरचा वेग आपोआप गळून पडले, आणि त्याची नोकरी वाचली. तो एकदा नानांकडे आला होता. दोघांनी चहा घेतला.

खरी अवघड पायरी होती ती इस्पितळाची. मी नानांबरोबर गेले. मार्थाबायच्या पायात सळई घातली होती. स्कूटर पुन्हा चालवता येईल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते, आणि तिच्या घरात मासळी विकणारी ती एकटीच. नानांनी फोन तिच्या हातात दिला. ‘मीच बोलावलं तुला. कोणी नाही म्हणालो.’

तिने क्लिप बघितली. फोन परत देत म्हणाली, ‘आनि माझी मान बघितलीस काय, नाना? तुझ्याकडं वळलेली. तू माझ्याकडं बघून हसतोस, मी तुझ्याकडं बघून हसते. रस्त्याकडं कोन बघनार, त्या रस्त्याचा बाप?’

नाना हसले नाहीत. घरी आले, गाडीवर कापड टाकलं आणि वाडीत केळीभोवतीची माती खणत बसले. महिने गेले. आळीत दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहायच्या, हॉर्न वाजायचे, आईबहिणीवरून शिव्या निघायच्या, आणि बायका ओट्यावरून म्हणायच्या, ‘नाना असते तर!’ असते तर काय, नाना कुंपणाच्या आत खुरपं घेऊन बसलेले असायचे. शेवटी काकूंनीच एक दिवस ते कापड ओढून काढलं. नाना पुन्हा फुलं घेऊन जायला लागले. थांबायचे पहिल्यासारखेच, मागेही घ्यायचे. पण काचा वर, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर.

मार्थाबाय पुन्हा स्कूटरवर आली, तो दिवस मी माझ्या डोळ्यांनी बघितला. मी कोपऱ्यावर पाव घ्यायला उभी होते. नाना थांबले. पलीकडे मार्थाबाय थांबली. ती हाताची वाट बघत होती आणि हात येत नव्हता. मागे गाड्या साचल्या, एक बसवाला तर हॉर्नवर झोपलाच. नाना पुतळ्यासारखे समोर बघत बसलेले. शेवटी तिने तोंड वाकडं केलं, स्कूटर थोडी पुढे घेतली, गाडीच्या नाकाशी थांबली, डोकावून डावीकडे बघितलं, आणि मग आळीत शिरली. शिरता शिरता ओरडली, ‘पाय माझा मोडला, नाना! हात तुझा मोडला काय?’

मला नानांचा रागच आला. एवढी बाई मरणाच्या दारातून परत आली, नुसता हात वर करायला काय जातं? पण विचारलं नाही. नाना आतून मिटलेच, असं मी धरून चालले होते. पुढे ते आजारी पडले, आणि फार दिवस कुणाला त्रास न देता गेले.

गाडी आता मी चालवते. मिलिंदने देतानाच सांगितलं, ‘कॅमेऱ्यात बाबांच्या जुन्या क्लिपा आहेत. मला ऐकवत नाही. तू बघ आणि काय ते ठेव.’ मी बघायला बसले. नुसता रस्ता. गाडी थांबते. समोर शाळेची पोरं. आणि बंद काचेच्या आत नानांचा आवाज, अगदी हळू, स्वतःशीच: ‘डावीकडे बघा रे… बघितलंत? शाब्बास. जा आता.’ पुढची क्लिप, एक म्हातारा सायकलवाला. ‘घाई नको, काका. मी आहे थांबलेला.’ प्रत्येक क्लिपमध्ये तेच. जगाला वाटत होतं नाना गप्प झाले, आणि हा माणूस आत बसून एकेकाला हाताला धरून रस्ता पार करून देत होता. मी ओटीवर बसून ढसाढसा रडले.

त्यात मार्थाबायची ती सकाळही निघाली. दुसऱ्या दिवशी ती मासळी घेऊन दारात आली, तेव्हा तिला खाली बसवलं आणि फोनवर लावून दिली. मागून बसचा हॉर्न कोकलतोय, आणि त्यातून नाना सांगताहेत, ‘मार्थाबाय, डावीकडं बघ. माझ्याकडं नको बघू. माझ्यावर नको भरवसा ठेवू, बाय. डावीकडं… हां. बघितलंस. आता ये.’ मग तिची ती आरोळी, हात मोडला काय म्हणून. त्यानंतर नुसता नाक ओढल्याचा आवाज.

मार्थाबायने पदराचं टोक डोळ्यांना लावलं. मग त्या फोनलाच दटावल्यासारखी म्हणाली,

‘माझ्या देवा, एवढं बोलत होतास, नाना, तर काच तेवढी खाली करायची होती रे!’